दारू सुटली, पण घरी-मित्रांत सांगायचं कसं?

हळदीच्या रात्री मित्र ग्लास पुढे करतात, ‘एकाने काय होतंय?’ दारू सोडलेल्याची खरी परीक्षा इथेच असते. ‘अ‍ॅसिडिटी आहे’ ही सबब एक रात्र टिकते. पुढच्या लग्नात काय सांगणार? त्यापेक्षा जवळच्या दोघा-तिघांना खरं सांगितलेलं बरं.

कोणाला सांगायचं?
हे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यानेच ठरवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारात मोडतात. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. घरच्यांनी कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकणंही चूकच.

काय सांगायचं?
‘मी उपचार घेतलेत. आता पीत नाही. आग्रह करू नका.’ एवढं पुरे. जुन्या चुकांचा हिशेब त्याच बैठकीत नको.

ऐकणाऱ्याने काय करावं?
‘बघू किती दिवस टिकतंय’ हे वाक्य गिळावं. पाय पुन्हा घसरला तर टोमणे न मारता उपचारांकडे न्यावं. नशामुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

सोडणाऱ्याने धाडस केलंय. ग्लास पुढे न करणं, एवढं तर मित्रांना जमायलाच हवं.