तंबोऱ्याचं नाव पत्रकात नसतं

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका कला-संग्रहालयात इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रयोग ऐकला. चित्रांच्या दालनात सतरंज्या टाकल्या होत्या. समोर दोन तरुण मांडी घालून बसलेले. पुढ्यात रंगीबेरंगी वायरींनी भरलेला सिंथेसायझर, एक लॅपटॉप आणि मिक्सर. आधी काहीही लिहिलेलं नाही, जे व्हायचं ते इथंच होईल, एवढंच ते म्हणाले. मग एक खालचा स्वर सुरू झाला आणि पाऊण तास जागचा हलला नाही. त्याच्या अंगावर बारीक बारीक आवाज उगवत होते, विरत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी त्या स्वराला मनातल्या मनात षड्ज धरून बसलो आहे.

मला प्रयोग आवडला. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून हा माणूस नव्याच्या नावानं बोटं मोडतोय असं वाटायचं.

खटकलं ते हातात दिलेलं पत्रक. या प्रकाराचा उगम त्यात साठच्या दशकातल्या अमेरिकेत दाखवला होता. ला माँट यंग, टेरी रायली ही नावं होती. ती खोटी नाहीत. पण गोष्ट अर्धीच सांगितली होती.

१९५५ साली येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले. त्यांचा सरोद तिथं वाजला तो म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे कला-संग्रहालयातच! तबल्यावर चतुरलाल होते, तंबोऱ्यावर शिरीष गोर. त्याच मुक्कामात रागसंगीताची त्यांची रेकॉर्ड निघाली. पुढं दोनेक वर्षांनी ती लॉस एंजेलिसमध्ये एका तरुणानं रेडिओवर ऐकली आणि विकत आणली. तोच हा ला माँट यंग. सरोदामागं अखंड चाललेल्या तंबोऱ्यानं आपल्याला काय दिलं, हे त्यानं स्वतः सांगून ठेवलं आहे. नंतर तो आणि त्याचे साथीदार एकच स्वर तासन्‌तास धरून वाजवू लागले, आणि तो धरायला पुढं विजेवरचे ऑसिलेटर आले. १९७० मध्ये पंडित प्राणनाथ अमेरिकेत आले तेव्हा यंग आणि रायली दोघंही त्यांचे गंडाबंद शागीर्द झाले. प्राणनाथांचे उस्ताद होते किराना घराण्याचे अब्दुल वहीद खाँ, ज्यांची तालीम आपल्या कोल्हापुरात हैदरबक्ष खाँसाहेबांकडं झाली. मैफलीत बसल्या जागी राग उलगडत नेणं हेच या मंडळींचं आयुष्यभराचं काम. त्याला कुणी 'प्रयोग' म्हटलं नाही, इतकंच.

अमेरिकी शिष्यांनी हे ऋण कधी लपवलं नाही, गुरूचं नाव ते कायम घेत आले. मग ते गळलं कुठं? पत्रक लिहिणाऱ्यांकडं, हे उघड आहे. पण निम्मा दोष मी आपल्या पदरात घालतो.

माझे एक मामू मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे करतात. पंढरपूरकडून आलेला भोपळा वाळवायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची, आणि सगळ्यात शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसीनं केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एका तंबोऱ्याच्या जवारीत त्यांची अख्खी दुपार जाते. विजेवरच्या तंबोऱ्याची पेटी आली आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे पेढेही वाटून झाले. पण त्यांचा धाकटा दुकानात बसत नाही. वाद्याच्या कमाईत बरकत नाही असं त्याला कुणीतरी पटवलं आहे. तो मोबाईल दुरुस्त करतो. ज्या मोबाईलवर लोक दिवसभर गाणी ऐकतात, तोच.

मी मुफ्ती नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. पण त्यात इमाम गझालींचंही मत आहे, त्यांनी 'इह्या'मध्ये समाच्या बाजूनं एक अख्खा भाग लिहिला आहे, हे त्या पोराला कुणी सांगितलं नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात विसावले आहेत आणि तिथं उरुसात दरवर्षी गाणं होतं, हे त्याला माहीत आहे. त्याच्या घरापासून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. आपल्याच घरात ज्याची लाज वाटू लागली, त्याचं नाव संग्रहालयानं पत्रकात छापावं हा हट्ट मी कोणत्या तोंडानं धरू? तरी धरला. घरी आल्यावर संग्रहालयाला ईमेल केली, की पुढच्या वेळी दोन ओळी वाढवा, आणि जमल्यास एक तंबोरा करणारा माणूस बोलवा, त्याला त्या सतरंजीवर बसवा. अजून उत्तर नाही.

गेल्या रविवारी मिरजेला गेलो तेव्हा प्रयोगातला थोडा भाग मामूंना ऐकवला. कानसी खाली ठेवून त्यांनी मोबाईल कानाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"खरज अच्छा है," ते म्हणाले. "पन जवारी नहीं है इसमें. किने बनाया?"