डुकराच्या आतड्यावर नजर, आमच्या बोंडावर का नाही?



जर्मनीत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी डुकराच्या 'एपीसी' नावाच्या जनुकात मुद्दाम बिघाड घडवला. काही घराण्यांत हाच बिघाड आईबापाकडून लेकराकडे येतो. मोठ्या आतड्यात शेकड्यांनी गाठी धरतात, वेळीच इलाज झाला नाही तर कर्करोग होतो. उंदरात असा बिघाड केला तर गाठी मुख्यतः लहान आतड्यात येतात. डुकरात त्या माणसासारख्या मोठ्या आतड्यात आल्या. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले.

कापूस-ज्वारीवाल्याला याचे काय? सांगतो.

जनुक बदलून ती माणसे घरी गेली नाहीत. माणसाची तपासतात तशी दुर्बिणीची नळी घालून डुकराची आतडी पाहिली, गाठींच्या नोंदी ठेवल्या. मुक्या जनावराला रोग देणे ही हलकी गोष्ट नाही. म्हणूनच त्याचा हिशेब चोख ठेवावा लागतो.

आता आपले पाहा. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आम्ही त्या बियाण्याच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे खरे आहे. पण गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे २०१० सालीच जाहीर झाले होते. पुढे दोन जनुकांचे बियाणेही तिने पचवले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंड फोडले की अळी! मधली सात वर्षे आमच्या बांधावर येऊन कोणी किती बोंडे फोडून पाहिली?

वर दोष आम्हालाच, की बिगरबीटीच्या ओळी लावल्या नाहीत. १२० ग्रॅमची पुडी पाकिटासोबत दिली. ती का लावायची, हे समजावून सांगणे कोणाचे काम होते?

एक म्हणतो, जनुकाला हात लावणे हेच पाप. त्याने ते आतड्याच्या रोग्यासमोर म्हणून दाखवावे. दुसरा म्हणतो, बियाणे विकले, जबाबदारी संपली. आम्हाला दोघेही मान्य नाहीत. तंत्रज्ञान हवे, आणि त्याच्यावर नजरही हवी.

म्हणून जिल्हा बैठकीत हा ठराव घ्या: प्रत्येक तालुक्यात दर हंगामात बोंडे फोडून मोजणी व्हावी, अळीची चाचणी व्हावी, आकडे पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. आणि आपणही फरदड ठेवणार नाही, असा शब्द द्यावा. डुकराच्या आतड्याला मिळते तेवढी नजर आमच्या बोंडाला मिळालीच पाहिजे!