पात्याला पाहणारा हवा

नाणी किंवा जुनी घड्याळे जमवणारा माणूस आपला छंद चारचौघांत हौसेने दाखवतो. सुऱ्या, चाकू, कट्यारी जमवणारा मात्र तो कपाटात दडवतो. कचेरीत कळले तर लोक काय म्हणतील, ही धास्ती त्याला असते. माझे म्हणणे असे, की हा छंद मित्रांना आणि सहकाऱ्यांना आवर्जून दाखवावा, कारण पाहणारा मिळाला नाही तर पात्यामागची विद्याही गप्प बसते. हैदराबादकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही.

निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रममध्ये मातीच्या बंद मुशीत पोलाद तयार होई. त्यात कर्ब भरपूर असे. सावकाश थंड झालेली ती लगड बेताच्या आचेवर ठोकली, की पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांनी इथली कृती लिहून ठेवली. इस्फहानचा व्यापारी तिथे जातीने खरेदीला आलेला होता आणि इराणात हे पोलाद करून पाहण्याचे प्रयत्न फसले होते, अशी त्यांची नोंद आहे. पुढे कारखानी पोलाद आले, भट्ट्या विझल्या. आज ती विद्या जुळवायची तर आधार उरतो तो अशा नोंदींचा, मुशींच्या तुकड्यांचा आणि कुणीतरी जपलेल्या पात्यांचा. हैदराबादेत तिसऱ्या सालारजंगांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९५१च्या डिसेंबरात लोकांसाठी खुला झाला, म्हणून जहांगीर-नूरजहाँचे मानले जाणारे खंजीर आज शाळकरी मूलही पाहू शकते. पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतले अडकित्ते जमवले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. या वस्तू कुलपात राहिल्या असत्या, तर त्यांच्यापासून आपण काहीच शिकलो नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो हिंसेचा. तो खोटा नाही. चाकूने माणसे मरतात. पण विळी आणि कोयता घरात असतातच, आणि त्यांची भीती आपल्याला वाटत नाही, कारण त्यांचे काम आपल्याला ठाऊक असते. पात्याची माहिती सांगणारा संग्राहक ही ओळखच करून देतो. दुसरा आक्षेप कायद्याचा. शस्त्रांविषयीच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. ही मर्यादा संग्राहकाला पाठ हवी. कचेरीत चाकू नेऊच नये. तिथे छायाचित्र पुरे. ज्याने हिंसा भोगली आहे, त्या सहकाऱ्याचा नकार तर एका शब्दात मान्य करावा. पाहायचे असेल त्याला घरी बोलवावे.

घरी दाखवण्याची रीतही आपल्याकडे आहेच. धारदार वस्तू हातात देत नाहीत. खाली ठेवतात, दुसऱ्याने उचलायची. पाहून झाले की पाते पुसून त्याला तेलाचे बोट लावावे, नाहीतर घामाने गंज धरतो. खंडेनवमीला कारखान्यांत आणि घरांत हत्यारे उघडपणे मांडली जातात, सगळ्यांच्या देखत त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. धारेचा मान तिला उजेडात ठेवून राखायचा, हे त्या दिवशी आपण सगळेच मानतो. संग्राहकाने तेवढेच वर्षभर करावे.