शुक्रवारचे पान : उत्तर येत नाही तेव्हा



मागच्या पानानंतर एका भगिनीने विचारलं, प्रार्थना करून करून थकले, आता थांबवली तर काय बिघडेल? आपल्या लिस्टवर सगळे ख्रिस्ती नाहीत, पण देवघरासमोर बसणाऱ्यालाही हा प्रश्न कधीतरी पडतोच. म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देते.

कुवेतमध्ये राहणाऱ्याला वाट बघणं शिकवावं लागत नाही. इकामा असो की रिलीज, काउंटरवरचा माणूस "बुकरा, इन्शाल्ला" म्हणतो आणि आपण फाइल काखेत मारून परत! त्यामुळे लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा आपल्याला लगेच कळते. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही, पण ही बाई पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते. शेवटी तो वैतागून न्याय देतो. काहीजण यातून अर्थ काढतात की देवालाही असंच भंडावून सोडायचं. मला ते पटत नाही. असा निगरगट्ट माणूससुद्धा ऐकतो, तर प्रेमळ पिता का ऐकणार नाही, हा येशूचा मुद्दा आहे. आणि शिष्यांनी खचू नये म्हणून ही गोष्ट सांगितली, असं लूक सुरुवातीलाच लिहितो. म्हणजे खचणं त्याला अपेक्षित होतं.

पण मागितलेलं मिळतंच असंही नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीनदा तीच विनंती केली, प्याला टळला नाही. पौलानेही शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं, काटा राहिला. 88वे स्तोत्र तर अंधारावरच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. रडगाणं हीसुद्धा प्रार्थनाच!

इथलंच उदाहरण घ्या. गल्फ रोडवरचं अमेरिकानी कल्चरल सेंटर तुम्ही पाहिलं असेल. ते पूर्वी अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं. डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली 1912 मध्ये इथे आल्या. डॉ. स्टॅन्ली मायलरींनी 1920 च्या जहराच्या लढाईतल्या जखमींवर उपचार केले. तेल यायच्या आधीचं ते कुवेत! या मंडळींनी वर्षानुवर्षं प्रार्थना केली, पण ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. 1967 मध्ये हॉस्पिटलही बंद झालं. हिशेबाच्या वहीत हे अपयशच. पण त्याच मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात आज शुक्रवारी कितीतरी भाषांमधून गाणी ऐकू येतात. त्यांनी मागितलं एक, उगवलं दुसरं, आणि पेरणारे ते बघायला नव्हते.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. केडगावला त्या मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती मुक्ती मिशन सोपवायचं, तीच गेली. तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि छापून पूर्ण झालेलं बायबल आलं 1924 मध्ये.

आता घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. किडनी मिळावी म्हणून दोन वर्षं मागतेय. एकदा जुळतंय असं वाटलं आणि शेवटच्या तपासणीत फिसकटलं. त्या रात्री मला एक शब्द सुचला नाही. मग त्याचाच फोन आला. म्हणाला, "ताई, किडनीचं देव बघेल. तू एवढंच माग, की ते चार तास मला एकट्याने काढावे लागू नयेत." तेव्हापासून शनिवारी तिकडे सात वाजता त्याला मशीनवर घेतात, तेव्हा इकडे साडेचारला मी उठते. किडनी अजून मिळालेली नाही. पण तो म्हणतो, शनिवारचा दिवस त्यातल्या त्यात बरा जातो. मला एवढं उत्तर सध्या पुरतं.

तेव्हा ताई, थांबवू नका, पण ओझं कमी करा. स्वतःचे शब्द आटले तर प्रभूची प्रार्थना म्हणा, ती अर्ध्या मिनिटात होते. नाहीतर उपासना संगीतातलं एखादं गीत गुणगुणा. देवावर राग असेल तर त्यालाच सांगा, 13व्या स्तोत्रातही तेच केलंय. आणि तेही जमेना, तर कोणाला तरी सांगा की माझ्या वतीने तू कर. या आठवड्यात तुमच्या वाटची मी करते.

लोभ असावा.