सर्पदंशाची ‘लस’ नेमकी काय असते?

पावसाळा स्थिरावला की नाशिक जिल्ह्यात सर्पदंशाचे दिवस सुरू होतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या भातखाचरांत, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आणि शहराच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतींतही माणूस आणि साप यांची गाठ पडते. बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधतो, आणि ती जागा पुष्कळदा आपली कांदाचाळ, सरपणाची रास किंवा जमिनीवरचे अंथरूण असते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळ मृत्यू योग्य औषध योग्य वेळी मिळाले असते तर टळू शकले असते.

या औषधाला आपण सर्रास ‘सर्पदंशाची लस’ म्हणतो. नाव रूढ आहे, पण त्यातून गैरसमज होतो. लस आपल्या शरीराला प्रतिकार करायला शिकवते आणि त्या शिकण्याला काही दिवस, काही आठवडे लागतात. साप चावलेल्या माणसापाशी एवढा अवधी नसतो. त्याला तयार प्रतिकारच हवा असतो, आणि तो घोड्याच्या रक्तातून मिळतो. म्हणून या औषधाला ‘प्रतिविष’ म्हणणे अधिक योग्य.

सापाच्या विषात प्रामुख्याने प्रथिने असतात, आणि एकाच विषात ती अनेक प्रकारची असतात. काही मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा संदेश तोडतात, काही रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतात, काही ऊतकांचा नाश करतात. घोड्याला अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवत, काही महिने हे विष टोचले की त्याच्या शरीरातील निरनिराळ्या पेशी विषातील निरनिराळ्या प्रथिनांना ओळखू लागतात. प्रत्येक पेशीवंश आपापले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतो. अशा अनेक पेशीवंशांतून आलेल्या प्रतिपिंडांच्या मिश्रणाला ‘पॉलिक्लोनल’ म्हणतात. एकाच पेशीवंशातून आलेली, एकाच खुणेवर बसणारी ती ‘मोनोक्लोनल’. एका चावीने एकच कुलूप उघडते. विषात कुलपे अनेक असतात, म्हणून येथे चाव्यांचा जुडगाच लागतो.

परंतु जुडगा कितीही मोठा असला तरी तो ज्या घरासाठी केला त्याच घराला लागतो. हे समजायला वैद्यकशास्त्राला काही वर्षे लागली. 1890 च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर रक्तद्रव तयार केला, तेव्हा तो सर्वच सापांवर चालेल अशी त्याची धारणा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात काम करणारे वैद्यकीय अधिकारी जॉर्ज लॅम्ब यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की नागाच्या विषावरचा रक्तद्रव घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरतो. आज आपल्याकडे मिळणारे प्रतिविष म्हणूनच चार सापांच्या विषांवर मिळून तयार केलेले असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. परळची हाफकिन संस्था या कामाशी दीर्घकाळ जोडलेली आहे, आणि पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव येथेही प्रतिविष तयार होते.

या चौघांखेरीज इतरांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. सह्याद्रीतील चापडा, म्हणजे हिरवा बांबू पिट व्हायपर, याच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. विंचवाच्या दंशावर तर नाहीच. विंचवाचे प्रतिविष स्वतंत्र असते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवला, आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

एकाच जातीच्या सापाचे विषही प्रांतागणिक बदलते. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या, 1978 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. दूरच्या प्रांतांतील सापांच्या विषावर हे प्रतिविष कमी प्रभावी ठरू शकते, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून दिसून आले आहे. याचा अर्थ ते घेऊ नये असा नव्हे. आज आपल्या हाती तेच औषध आहे आणि ते प्राण वाचवते. मात्र काही रुग्णांना अधिक कुप्या का लागतात, याचे एक कारण त्यातून कळते.

कुप्यांचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. एका कुपीतून 10 मिलिलिटर औषध होते. प्रत्येक मिलिलिटर नागाचे किंवा घोणशीचे 0.6 मिलिग्रॅम, आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते असे धरतात. 10 कुप्यांतून 60 मिलिग्रॅमचा बंदोबस्त होतो, म्हणून सुरुवातीला 8 ते 10 कुप्या देतात. साप समोरच्याचे वय किंवा वजन पाहून विष सोडत नाही. त्यामुळे नातवाला आणि आजोबांना प्रतिविषाची मात्रा सारखीच लागते. ‘एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एवढे औषध झेपेल का?’ अशा काळजीने मात्रा कमी करण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

याच्या उलट प्रसंगही येतो. साप चावला आहे, रुग्ण रुग्णालयात आहे, आणि डॉक्टर प्रतिविष न देता केवळ लक्ष ठेवून आहेत. अशा वेळी नातेवाइकांचा संताप होतो. पण बिनविषारी सापाचे दंश पुष्कळ असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. घोड्याच्या प्रथिनांमुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून विषबाधेची लक्षणे दिसल्यावरच औषध देतात. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे ताजे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवायची. त्यानंतर नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाची विषबाधा झाल्याचा संशय बळावतो. ही चाचणी पुन्हा पुन्हा करतात, म्हणून साधारण 24 तास रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये.

दंशाच्या जागेवरचे विष ओळखणारा संच का वापरत नाहीत, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियात असा संच अनेक वर्षे वापरला गेला. दंशाच्या जागी फिरवलेल्या बोळ्यातील विष, संचातील प्रतिपिंडांना चिकटले की रंग उमटे, आणि कोणत्या गटाच्या सापाचे प्रतिविष निवडायचे ते ठरे. विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे विष शोधण्याच्याही कामी येतात, ती अशी. हृदयविकाराच्या झटक्यात केली जाणारी ट्रोपोनिन चाचणीही रक्तातील प्रथिन प्रतिपिंडांच्याच साहाय्याने शोधते. ऑस्ट्रेलियात निरनिराळ्या सापांसाठी निरनिराळी प्रतिविषे असल्यामुळे त्या संचाला मोल होते. आपल्याकडे चौघांसाठी एकच कुपी आहे. म्हणून सापाची ओळख पटवण्यासाठी त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. दुरून सहज छायाचित्र मिळाले तर ठीक. साप मारून पिशवीतून आणू नका. मेलेल्या सापाच्या तोंडाशी हात गेल्यानेही दंश होऊ शकतो.

आता ज्येष्ठांविषयी विशेष. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो, गिळता येत नाही आणि पापण्या जड होऊन मिटू लागतात. सत्तरीच्या माणसाला असे झाले की घरातले म्हणतात, ‘अर्धांगाचा झटका आला.’ झटक्यात बहुधा एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा लुळा पडतो. मण्यारीच्या विषाने दोन्ही पापण्या खाली येतात आणि अशक्तपणा दोन्ही बाजूंना पसरतो. दोन्हींत रुग्णालय तातडीने गाठायचेच आहे. पण ‘हे रात्री जमिनीवर झोपले होते’ हे एक वाक्य डॉक्टरांना अवश्य सांगा. त्या वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

येथे वेळेचे महत्त्व दिसते. प्रतिपिंड रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. मज्जातंतूच्या टोकाशी विषाने एकदा नुकसान केले, की ते प्रतिविषाने भरून निघत नाही. मग श्वास थांबू नये म्हणून कृत्रिम श्वासोच्छ्वासावर दिवस काढावे लागतात. त्यातूनही माणसे पूर्ण बरी होतात, हेही विसरू नका. आणि उशीर झाला म्हणून रुग्णालयात जाणेच टाळू नका. रक्त गोठत नसेल, तर उशिरा दिलेले प्रतिविषही उपयोगी पडते.

साप चावल्यावर माणसाला धीर द्या आणि चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज चढल्यावर ती रुततात. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा. घट्ट आवळपट्टी बांधू नका. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांचा रक्तपुरवठा आधीच मंद आहे, त्यांना तिचा धोका अधिक. जखम कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारी वेळ परत मिळत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि दंशाची वेळ लिहून ठेवा.

नेहमीच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर नळीतील चाचणीचा अर्थ लावताना ते माहीत असावे लागते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर ॲलर्जीवर दिले जाणारे ॲड्रेनॅलिन पुरेसे काम करीत नाही. दमा असेल तर तेही सांगा. घरी आल्यावर एक ते दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असे काही उद्भवले, तर ती प्रतिविषाची उशिरा येणारी प्रतिक्रिया असू शकते. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा.

पुढील काळात हे औषध बदलेल. 2024 मध्ये भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी, घोड्याविना प्रयोगशाळेत घडवलेले एक प्रतिपिंड नाग-मण्यार कुळातील एका मोठ्या विषगटाला उंदरांत निष्प्रभ करते, असे दाखवले. त्याच वर्षी केंद्र सरकारने 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर केला.

तोवर आपल्या हाती आहे ते करूया. सरकारी रुग्णालयांत प्रतिविष विनामूल्य मिळते. आपल्या गावाजवळ ते कोठे आहे आणि कृत्रिम श्वासाची सोय कोठे आहे, हे आजच विचारून दोन्ही ठिकाणांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहा. आजी-आजोबांचे अंथरूण जमिनीवरून खाटेवर घ्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा आणि उशाशी विजेरी ठेवा.