खोडण्याचा अधिकार कोणाला?

सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडले जात नाही, त्याला कंस केला जातो. जमीन विकली गेली किंवा वारस बदलले, तरी आधीच्या खातेदाराचे नाव कंसात राहते आणि सोबत फेरफाराचा क्रमांक. तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, 15 दिवस हरकतींची वाट पाहायची आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 150 मधील पद्धत. दिरंगाईसाठी ती बदनाम आहे आणि ते अगदीच अकारण नाही. मात्र, सांगितलेले काम संगणकावर परस्पर उरकणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ कचेऱ्यांच्या दाराशी आले असताना तिच्याकडे नव्याने पाहावे लागेल.

जुलै 2025 मध्ये ‘रेप्लिट’ या अमेरिकी कंपनीच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना असताना हे घडले. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांची माहिती त्यात होती. ती परत मिळणार नाही, असेही एजंटने ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात ती मिळाली. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे करण्याचे जाहीर केले. सूचना म्हणजे कुलूप नव्हे, हे एवढ्या नुकसानीनंतर उमगले.

असा एजंट उद्या महसुली दप्तरात दुबार नोंदी काढण्याच्या कामी लावला, तर बीड जिल्ह्याचा धोका इतरांहून वेगळा राहील. येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पट्टा पडल्यावरच परततात. नाव गायब झाल्याचे कळणार ते पीककर्जासाठी उतारा काढताना. बॅकअप केवळ 30 दिवस जपला जात असेल, तर तोवर मूळ नोंद सापडण्याची आशाही मावळलेली असेल. तेव्हा पुसलेली नोंद किती काळ राखून ठेवायची, याचे उत्तर संगणक विभागाच्या सोयीवर सोडता येणार नाही. निदान एक पूर्ण गाळप हंगाम उलटेपर्यंत ती राहिलीच पाहिजे.

उपाय फारसे अवघड नाहीत. एजंटच्या खात्याला वाचण्याचा आणि बदल सुचवण्याचा अधिकार असावा. कायमचे पुसण्याची आज्ञा त्या खात्यातून चालूच नये. बॅकअपची किल्ली त्याच्या आवाक्याबाहेर असावी. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ‘पुढे जायचे का?’ एवढाच प्रश्न न येता किती नोंदी जाणार आणि कोणत्या गावांच्या, हे यावे. दिवसातून शंभरदा ‘होय’ दाबावे लागले, की वाचणे थांबते. म्हणून प्रत्येक किरकोळ बदलाला मंजुरी मागणेही शहाणपणाचे नाही.

खरी कसोटी अर्थात माणसाची. मंडळ अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल मदतनिसाच्या टेबलावर पडून राहिले, तर दुसरी तपासणी नावापुरतीच उरते, आणि एजंटला ती किल्ली कोणी दिली याचा माग काढणेही कठीण होते.