गावाचं लेकरू गावातच वाढलं पाहिजे

मेळघाटात मूल दगावलं की बातमी होते. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून पावसाळा आला की धारणीच्या रस्त्याला सरकारी गाड्या लागतात, पथकं येतात, वजनकाटे बाहेर निघतात, अहवाल लिहिले जातात. पण जे मूल जगलं आणि ज्याचे मायबापच उरले नाहीत, त्याच्यासाठी कोण येतं? बाप परमुलखात कामाला गेला, तो परतलाच नाही. माय बाळंतपणात गेली, नाहीतर तिने दुसरा घरोबा केला. लेकरू आजीच्या पदरात पडलं. आजीची नजर अधू, हात थकलेले, आणि रेशनचं धान्य महिना सरायच्या आत संपणारं. अशा घरातलं पोर दहा-अकरा वर्षांचं झालं की दप्तर टाकून गुरांमागे जातं, नाहीतर मुकादमाच्या गाडीत चढतं. त्याला शोधायला पथक निघत नाही.

या लेकरांसाठी कायदाच नाही, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. २०१५ चा बाल न्याय अधिनियम स्पष्ट सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. आधी त्याचं स्वतःचं घर, मग नातेवाईक, तेही नसतील तर त्याला सांभाळायला तयार असलेलं प्रतिपालक कुटुंब. याच कायद्यात सामूहिक प्रतिपालनाचीही सोय आहे: एका घरात आठपर्यंत मुलं, त्यांच्यासोबत राहणारे पालक, आणि हे सगळं मुलाच्या आपल्या समाजात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अनाथ किंवा एक पालक गमावलेल्या मुलासाठी, सांभाळणाऱ्या घराला महिन्याला २,२५० रुपये देते. कायदा आहे, पैसा आहे. मग अडतं कुठे?

अडतं आजीच्या पिशवीतल्या कागदांवर. अर्जाला मुलाचं आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि वारलेल्या पालकाचा मृत्यूदाखला लागतो. तिचा मुलगा बऱ्हाणपूरकडे कुठल्याशा भट्टीवर वारला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे तिला कोणी सांगितलंच नाही. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. त्यात आधारवर नातवाचं नाव एक आणि शाळेच्या हजेरीत दुसरं. कागद जुळले तर घरची चौकशी, मग अमरावतीला बालकल्याण समितीपुढे हजेरी. धारणी ते अमरावती दीडशेक किलोमीटर, त्यातला मोठा पट्टा घाटाचा आणि जंगलाचा. जाऊन-येऊन दोन दिवसांची मजुरी बुडते. तिथे कोणी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं की आजी पुन्हा फिरकत नाही. योजना कागदावर जिवंत राहते आणि पोर गुरांमागे.

मग कोणीतरी सोपा रस्ता सुचवतो: पोराला अमरावतीला, नागपूरला, एखाद्या मोठ्या आश्रमात टाकून द्या. हेतू वाईट नसतो. पण ज्या पोराची जीभ कोरकू आहे, ज्याला होळीच्या फगव्याला नाचायचं ठाऊक आहे, ते तिथे पहिल्याच दिवशी मुकं होतं. अठरा वर्षांचं होऊन बाहेर पडतं तेव्हा शहर त्याचं नसतं आणि गाव त्याला ओळखत नसतं. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांमधली १३६ मुलं घेऊन संशोधकांनी २००० पासून अभ्यास चालवला. त्यांतली निम्मी प्रतिपालक कुटुंबांत दिली गेली. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. आपल्या आज्यांना हे कळायला संशोधन लागलं नव्हतं, पण सरकारला आणि शिकलेल्यांना ते पटायला हवं.

अशा लेकरांना आपलं म्हणणाऱ्या माणसांचे दाखले आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहेत. मेळघाटच्या पायथ्याशी वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस, दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. त्यांच्या आधारवर वडिलांच्या जागी बाबांचं नाव आहे. तिथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ साली एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाली म्हणून दिव्यांग मुलाला घराबाहेर काढू नका, एवढं एकच मागणं ते वर्षानुवर्षं सरकारकडे करत आले. चिखलदऱ्यात सिंधुताई सपकाळांनी मुलींसाठी वसतिगृह उभं केलं. आपण या माणसांना हार घालतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो. एका बाबाच्या, एका माईच्या खांद्यावर अख्खा तालुका टाकून झोपी जाणं हा कृतज्ञपणा नव्हे, पळपुटेपणा आहे. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबांनी देह ठेवला आणि तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारला, त्या जिल्ह्याला तो शोभत नाही.

तेव्हा आता उठा. सरपंचांनो, प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी आणि तिचे अध्यक्ष तुम्हीच आहात. ती फलकावरून खाली उतरवा. धारणी हे अनुसूचित क्षेत्र आहे, पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला बळ दिलं आहे. ते लेकरांसाठी वापरा. अंगणवाडीताई, कोणत्या घरात कोणाच्या मागे कोण राहिलं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. यादी तुम्हीच करू शकता. आश्रमशाळेतल्या गुरुजींनो, दिवाळीला आणि उन्हाळ्यात वसतिगृहाला कुलूप लागतं तेव्हा तुमच्या वर्गातलं कोणतं पोर कोणाच्या दारी जातं, एवढं विचारा.

तरुण जोडप्यांनो, दोन घास जास्त शिजवायची तयारी असेल तर प्रतिपालक व्हा. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही हे दार उघडलं आहे. मात्र लक्षात ठेवा, सांभाळायला घेतलेलं पोर म्हणजे फुकटचा गुराखी नव्हे. त्याची शाळा चुकता कामा नये, आणि त्याच्या नावाचा पैसा त्याच्याच ताटात गेला पाहिजे. मूल परस्पर देऊ-घेऊ नका, सगळं बालकल्याण समितीमार्फतच होऊ द्या. मूल विकणं-विकत घेणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. असा संशय आला की मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ फिरवा.

आणि परतवाडा, अकोट, अमरावतीच्या सुखवस्तू मंडळींनो, वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे आणि बॅनर घेऊन मेळघाटात येणं पुरे झालं. एका आजीच्या वारलेल्या मुलाचा मृत्यूदाखला निघेपर्यंत तिच्यासोबत उभे राहा. तिचं एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी भरा. वकील असाल तर अर्ज लिहा, बँकेत असाल तर पोराचं खातं उघडून द्या.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, नाली, हातपंप येतील, येऊ द्या. पण पहिला विषय हा ठेवा: आपल्या गावात मायबापाविना किती लेकरं आहेत आणि आज ती कोणाच्या घरी जेवली? नावं वाचा, प्रत्येक नावापुढे जबाबदार माणसाचं नाव लिहा, ठराव करा, आणि तो कागद अमरावतीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात पोचवून त्याची पोच घ्या.